घटक ४ : ब्रदर लॉरेन्स – स्वयंपाकघरातील प्रार्थना

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील :

• ब्रदर लॉरेन्स यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे.
• छोट्या प्रार्थनेची ख्रिस्ती परंपरा आणि त्या परंपरेतील लॉरेन्स यांचे वेगळेपण.
• ही प्रार्थना अंगवळणी पडण्यापूर्वी त्यांना करावा लागलेला अंतर्गत संघर्ष.
• साधनसामग्री तुटपुंजी असताना चरित्रनायकाचे चित्र कसे उभे राहते, याचे स्वरूप.

४.२ प्रास्ताविक

चरित्र म्हटले की राजे, सेनानी, समाजसुधारक किंवा ग्रंथकार आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या कार्याचा विस्तार मोठा असतो आणि त्या कार्याच्या खुणा मागे राहिलेल्या असतात. या घटकात आपण ज्यांचे चरित्र पाहणार आहोत, ते सतराव्या शतकात पॅरिसमधील एका मठात स्वयंपाक करणारे आणि पुढे वहाणा शिवणारे एक साधे बंधू होते. त्यांनी पंथ स्थापन केला नाही. व्यासपीठावरून प्रवचने दिली नाहीत. त्यांच्या नावावर असलेले लेखन एका लहानशा पुस्तकात मावते. तरीही तीनशेहून अधिक वर्षे त्यांचे नाव टिकून आहे. याचे कारण असे की, कष्टकरी माणसाला पडणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या जगण्यातून दिले. हात दिवसभर कामात गुंतलेले असताना ईश्वराचे स्मरण कसे ठेवावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत नवा नव्हता. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे तपस्वी दोर वळत आणि टोपल्या विणत असताना छोट्या छोट्या प्रार्थना मनात घोळवीत असत. त्यांच्या या पद्धतीची नोंद संत ऑगस्टीन यांनी केली आहे. त्या प्रार्थना बाणासारख्या चटकन सोडलेल्या असतात, त्यामुळे मनाची एकाग्रता लांबलचक बोलण्यात विरून जात नाही, असे त्यांना वाटे. पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी सत्तराव्या स्तोत्रातील साहाय्याची याचना करणारे आरंभीचे एकच वचन सुखात, दुःखात, जेवताना आणि झोपताना मनात धरावे, असे सुचविले. पूर्वेकडील ख्रिस्ती मठांमध्ये येशूचे नाव घेऊन दया मागणारी एका वाक्याची प्रार्थना रूढ झाली. ही सारी परंपरा प्रामुख्याने एकांतात राहणाऱ्या तपस्व्यांची होती. लॉरेन्स यांनी ती गजबजलेल्या स्वयंपाकघरात आणली. त्यात त्यांचे वेगळेपण आहे.

४.३ विषय विवेचन

४.३.१ जन्म आणि सैनिकी जीवन

ब्रदर लॉरेन्स यांचे मूळ नाव निकोलस हर्मन. त्यांचा जन्म १६१४ च्या सुमारास लॉरेन प्रांतातील ल्युनेव्हिल शहराजवळच्या एरिमेनिल या खेड्यात झाला. लॉरेन आज फ्रान्समध्ये असले, तरी त्या काळी ती एक स्वतंत्र जहागीर होती. निकोलस यांचे कुटुंब साधे होते. त्यांना उच्च शिक्षण मिळाले नाही. आईवडिलांनी दिलेली श्रद्धा हीच त्यांची शिदोरी होती.

वयाच्या अठराव्या वर्षी त्यांना एक अनुभव आला. हिवाळ्याचे दिवस होते. पाने झडून गेलेले एक झाड त्यांच्या दृष्टीस पडले. थोड्याच काळात याच वाळल्यासारख्या दिसणाऱ्या फांद्यांना पालवी फुटेल, मग फुले येतील आणि मग फळे धरतील, हा विचार त्यांच्या मनात आला. त्या विचाराबरोबरच ईश्वराच्या सामर्थ्याची आणि त्याच्या कृपाळू योजनेची जाणीव इतकी खोलवर झाली की पुढे आयुष्यभर ती पुसली गेली नाही. या प्रसंगात चमत्कार म्हणावा असे काही नाही. झाड सर्वांनाच दिसते. मात्र रोजच्या दृश्यातून ईश्वराकडे वळण्याची त्यांची वृत्ती येथेच प्रथम प्रकट झाली.

तो काळ तीस वर्षांच्या युद्धाचा होता. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या या युद्धाने मध्य युरोप होरपळून निघाला. निकोलस लॉरेनच्या सैन्यात दाखल झाले. एकदा जर्मन सैनिकांनी त्यांना हेर समजून पकडले आणि फासावर चढविण्याची धमकी दिली. आपण हेर नाही आणि मरणाचे भयही आपल्याला नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितल्यावर त्यांची सुटका झाली. पुढे स्वीडिश सैन्याने रांबेरविलेर येथे चढाई केली, तेव्हा ते जखमी झाले. त्यांचे सैनिकी जीवन तेथेच संपले. पाय मात्र कायमचा अधू झाला. सैन्यातील आपल्या वर्तनाचा त्यांना पुढे दीर्घकाळ पश्चात्ताप वाटत राहिला.

४.३.२ मठप्रवेश

सैन्य सोडल्यावर त्यांनी काही काळ एकांतवासात राहून पाहिले. तेथे त्यांचे मन स्थिरावले नाही. कधी आनंद, कधी उदासी अशी त्यांच्या मनाची आंदोलने होत राहिली. नंतर त्यांनी पॅरिसमध्ये फ्येबे नावाच्या खजिनदाराकडे सेवकाची नोकरी धरली. तेथेही त्यांची ख्याती काही चांगली नव्हती. आपण फार धांदरट होतो आणि हाती येईल ती वस्तू फोडत होतो, असे ते स्वतःविषयी सांगत.

१६४० मध्ये त्यांनी पॅरिसमधील व्होजिरार रस्त्यावरच्या अनवाणी कार्मेलाइट मठात प्रवेश केला. अविलाच्या संत तेरेसा आणि संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी सुधारणा घडवून उभारलेली ही शाखा मौन, दारिद्र्य आणि प्रार्थना यांना महत्त्व देणारी होती. निकोलस यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली नाही. ते सेवाबंधू झाले. सेवाबंधू व्रतस्थ असत, पण मठातील अंगमेहनतीची कामे त्यांच्याकडे असत. दोन वर्षांच्या उमेदवारीनंतर १४ ऑगस्ट १६४२ रोजी त्यांनी व्रते घेतली. त्यांचे नवे नाव पुनरुत्थानाचे बंधू लॉरेन्स असे ठेवण्यात आले.

आपल्या धांदरटपणाचे आणि दोषांचे प्रायश्चित्त मठातील कठोर शिस्तीत भोगावे लागेल, अशी त्यांची कल्पना होती. मठात आपल्याला समाधानच मिळाले आणि ईश्वराने आपली फसगत केली, असे ते पुढे विनोदाने सांगत. पण या विनोदावरून मठातील त्यांची सुरुवातीची वर्षे सुखाची गेली, असा समज करून घेणे योग्य ठरणार नाही.

४.३.३ अंतर्संघर्षाची वर्षे

लॉरेन्स यांना मठाच्या स्वयंपाकघरात काम मिळाले. या कामाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. अधू पायाच्या माणसाने तासन्‌तास चुलीपुढे उभे राहावे, एकाच वेळी दहा जणांच्या मागण्या पुऱ्या कराव्यात आणि घंटा वाजताच सारे सोडून प्रार्थनेला जावे, असा तो दिनक्रम होता.

प्रार्थनेच्या वेळीही मनाला स्वस्थता नव्हती. ध्यान कसे करावे, विषय कोणता घ्यावा आणि कोणत्या पायऱ्या चढत जावे, हे सांगणारे ग्रंथ त्या काळी प्रचारात होते. लॉरेन्स यांनी ते वाचून पाहिले. त्या पद्धतींनी त्यांचा गोंधळच वाढला. ठरवून दिलेल्या ध्यानाचा वेळ भरकटणारे मन आवरण्यात आणि ते पुन्हा भरकटण्यात निघून जाई.

याहून मोठे दुःख निराळेच होते. आपला उद्धार होणार नाही, आपण नरकातच जाणार, अशी त्यांची खात्री होऊन बसली. जगातील सर्व माणसांनी मिळून सांगितले असते तरी ती खात्री त्यांच्या मनातून हटली नसती. ही अवस्था चार वर्षे टिकली. मनाच्या एकूण यातना सुमारे दहा वर्षे चालल्या. आपले पूर्वीचे दोष त्यांना समोर उभे दिसत. आपल्याला येणारे ईश्वराच्या सान्निध्याचे अनुभव हा केवळ आपल्या मनाचा खेळ तर नाही ना, अशी शंकाही त्यांना येई. इतरांना ज्या उंचीवर पोचायला दीर्घ तपश्चर्या लागते, तेथे आपण इतक्या लवकर पोचल्यासारखे वाटतो, तेव्हा आपण स्वतःला फसवीत असलो पाहिजे, असे त्यांना भय वाटे.

या कोंडीतून ते युक्तिवादाने बाहेर पडले नाहीत. त्यांनी एक निश्चय केला. आपला उद्धार होवो वा न होवो, जिवंत आहोत तोवर आपण जे काही करू ते ईश्वरावरील प्रेमापोटी करू आणि या यातना आयुष्यभर राहिल्या तरी त्या सोसू, असे त्यांनी ठरविले. फळाची अपेक्षा सुटली आणि त्यानंतर एकाएकी मनावरचे ओझे उतरले. त्यांना जी गाढ शांती लाभली, ती पुढे टिकून राहिली.

लॉरेन्स यांची प्रार्थना समजून घेण्यासाठी ही दहा वर्षे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. त्यांची साधी प्रार्थना भोळ्या आणि निश्चिंत मनातून निघालेली नाही. निराशेच्या तळाशी गेलेल्या माणसाने धरून ठेवलेला तो आधार आहे.

४.३.४ प्रार्थनेचे स्वरूप

लॉरेन्स यांनी ग्रंथांतील पद्धती बाजूला ठेवल्या. ईश्वर येथे, आपल्याजवळ, आपल्या अंतरंगात आहे, असे मानून त्याच्याशी थोडक्यात बोलायचे, एवढीच त्यांची रीत होती. काम सुरू करण्यापूर्वी ते साहाय्य मागत. कामाच्या मध्ये क्षणभर थांबून किंवा न थांबताच मन त्याच्याकडे वळवीत. काम संपल्यावर ते स्वतःचे परीक्षण करीत. काम चांगले झाले असेल तर आभार मानत. चुकले असेल तर क्षमा मागत आणि खंत करीत न बसता पुढच्या कामाला लागत. तव्यावरचे ऑम्लेट उलटणे किंवा जमिनीवर पडलेली काडी उचलणे हेदेखील ईश्वराच्या प्रेमापोटी करता येते, असे ते मानत.

या प्रार्थनेला ठरावीक शब्द नव्हते. कधी ती मी तुझा आहे अशा अर्थाचा एखादा उद्गार असे, कधी आभाराचा शब्द असे, तर कधी शब्दांवाचून केवळ मनाचे वळणे असे. प्रार्थनेचे सामर्थ्य ते शब्दांत मानत नव्हते. वारंवार परत वळण्यात ते सामर्थ्य आहे, असे त्यांना वाटे. मन भरकटणे हा त्यांच्या दृष्टीने पराभव नव्हता. मन भरकटले आहे हे ध्यानात येताच ते शांतपणे परत आणावे. त्याच्यावर संतापल्याने ते अधिकच विस्कटते, असा त्यांचा अनुभव होता. आपल्या हातून दोष घडला की, तू मला माझ्यावर सोडलेस तर मी याहून निराळे काही करणार नाही, अशा आशयाची कबुली ते देत आणि त्यानंतर तो विषय मनातून काढून टाकत.

हा सराव सहज साधला नाही. प्रारंभी स्मरण पुनःपुन्हा सुटे आणि त्यांना ते प्रयत्नपूर्वक पुन्हा धरावे लागे. हळूहळू त्याची सवय जडली आणि सवयीतून गोडी निर्माण झाली. मग नेमून दिलेली प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांतील भेद त्यांच्यापुरता उरला नाही. भांड्यांच्या खणखणाटात आणि चहूबाजूंनी येणाऱ्या हाकांमध्येही वेदीपुढे गुडघे टेकल्याइतकी शांती त्यांना अनुभवता येऊ लागली. मठाच्या नियमानुसार ते प्रार्थनेसाठी एकांतात जात, पण तशा एकांताची मागणी त्यांनी स्वतः कधी केली नाही. ज्या कामाचा त्यांना तिटकारा होता, त्या स्वयंपाकघरात त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काढली आणि ते काम त्यांना सोपे वाटू लागले.

मठासाठी द्राक्षमद्याची खरेदी करण्यास त्यांना एकदा ओव्हर्न्य प्रांतात आणि पुढच्या वर्षी बरगंडीत पाठविण्यात आले. व्यवहारज्ञान नाही आणि पाय अधू, अशा माणसासाठी ही मोठी परीक्षा होती. नावेत उभे राहून चालता येत नसल्याने ते पिंपांवरून अंग लोटत पुढे सरकत. हे काम तुझे आहे, असे ईश्वराला सांगून ते निघाले आणि ते काम नीट पार पडले. ते कसे पार पडले, हे आपल्याला सांगता येणार नाही, अशी कबुली ते देत. पुढे पायाचे दुखणे वाढल्यावर त्यांना वहाणा शिवण्याचे बैठे काम देण्यात आले. काम बदलले, पण प्रार्थना तीच राहिली.

४.३.५ संवाद आणि पत्रे

मठातील एक सेवाबंधू जगाला माहीत झाला, तो प्रामुख्याने जोसेफ द बोफोर यांच्यामुळे. बोफोर हे धर्मगुरू होते. पुढे पॅरिसचे आर्चबिशप झालेल्या नोआय यांचे ते साहाय्यक होते. ३ ऑगस्ट १६६६ रोजी ते लॉरेन्स यांना प्रथम भेटले. या भेटीची आणि नंतरच्या तीन भेटींची टिपणे त्यांनी करून ठेवली. हिवाळ्यातील झाड, चार वर्षांचे भय आणि पिंपांवरून केलेला प्रवास या गोष्टी आपल्याला त्या टिपणांतून कळतात.

लॉरेन्स स्वतः लिहिण्यास नाखूष असत. लिहिलेले काही कागद त्यांनी फाडूनही टाकले. मात्र लोक सल्ला विचारीत, तेव्हा ते पत्राने उत्तर देत. त्यांची सोळा पत्रे उपलब्ध आहेत. एका जोगिणीला उत्तर लिहिताना त्यांनी ते पत्र इतरांना दाखवू नये, अशी विनंती केली. मन भरकटते अशी तक्रार करणाऱ्या जोगिणीला त्यांनी प्रार्थनेत फार शब्द वापरू नयेत, असा सल्ला दिला. श्रीमंताच्या दारात बसलेल्या मुक्या भिकाऱ्याप्रमाणे तिने ईश्वरापुढे नुसते बसावे, असे त्यांनी सुचविले. एका तरुण सैनिकाविषयी लिहिलेले त्यांचे पत्र विशेष लक्षणीय आहे. हातात तलवार घेऊन कूच करतानाही क्षणभर केलेले स्मरण ही प्रार्थनाच असते, ती छोटी असली तरी ईश्वराला प्रिय असते आणि तिने सैनिकाचे धैर्य कमी न होता वाढते, असा त्या पत्राचा आशय आहे. स्वतः रणांगणावर जखमी झालेल्या माणसाने हे लिहिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सल्ल्याचे वजन कळते.

४.३.६ अखेर आणि मरणोत्तर वाद

आयुष्याच्या अखेरीस लॉरेन्स यांना दुखण्यांनी घेरले. सुप्रसिद्ध विचारवंत आणि धर्मगुरू फेनेलाँ त्यांना आजारपणात भेटले, तेव्हा त्यांना ते प्रसन्न दिसले. वेदना नाहीशा व्हाव्यात यापेक्षा त्या सोसण्याचे बळ मिळावे, असे मागणे लॉरेन्स यांना अधिक योग्य वाटे. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी, सुमारे ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोफोर यांनी १६९२ मध्ये त्यांची वचने आणि पत्रे प्रसिद्ध केली, तर १६९४ मध्ये संवादांची टिपणे आणि त्यांचे जीवनवर्णन प्रसिद्ध केले.

प्रकाशनाचा हा काळ प्रतिकूल होता. ईश्वरापुढे आत्मा पूर्णपणे निश्चल झाला पाहिजे, मग त्याच्या बाजूने प्रयत्नांची गरज उरत नाही, अशी शिकवण क्वाएटिझम या नावाने ओळखली जात होती. १६८७ मध्ये पोपनी या मताचा निषेध केला होता. फ्रान्समध्ये बोस्युए आणि फेनेलाँ यांच्यात यावरून मोठा वाद पेटला. फेनेलाँ यांनी आपल्या बाजूने लॉरेन्स यांचा दाखला दिला. १६९९ मध्ये फेनेलाँ यांच्या ग्रंथातील विधाने रोमने निषिद्ध ठरविली. हयातीत पत्रसुद्धा कोणाला दाखवू नका असे सांगणारे लॉरेन्स मृत्यूनंतर अशा रीतीने एका वादात ओढले गेले. फ्रान्समधील कॅथलिक वर्तुळात त्यांचे नाव मागे पडले.

त्यांचे जीवन मात्र या आरोपाला परस्पर उत्तर देते. निष्क्रियतेचा पुरस्कार करणारा माणूस पंधरा वर्षे चूल सांभाळत नाही. प्रयत्न सोडून देणारा माणूस भरकटलेले मन पुनःपुन्हा परत आणीत नाही. पुढे प्रॉटेस्टंट वाचकांनी त्यांचे पुस्तक जपले. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेत त्याचा समावेश केला. कॅथलिक मठातील एका सेवाबंधूचे पुस्तक अशा रीतीने पंथांच्या सीमा ओलांडून गेले.

४.४ समारोप

मराठीच्या विद्यार्थ्याला लॉरेन्स यांचे चरित्र वाचताना मळ्यात राबणारे सावता माळी आणि दळणकांडण करणाऱ्या जनाबाई यांची आठवण येणे स्वाभाविक आहे. प्रपंचातील कामे आणि भक्ती यांत फारकत नाही, ही जाणीव दोन्हीकडे दिसते. तथापि, भेदही ध्यानात घ्यावयास हवा. वारकरी परंपरेत नाम ठरलेले असते आणि ते सामूहिक कीर्तनातही गाइले जाते. लॉरेन्स यांच्या प्रार्थनेला ठरावीक नाम नाही, संख्या नाही आणि सूरही नाही. ते मठाच्या आज्ञेत राहणारे व्रतस्थ आहेत. त्यामुळे साम्यावरून परस्परप्रभावाचा निष्कर्ष काढू नये.

लॉरेन्स यांचे जीवन बाह्य घटनांच्या दृष्टीने लहान आहे. एक झाड, एक जखम, एक स्वयंपाकघर आणि काही पत्रे एवढीच त्याची सामग्री आहे. या सामग्रीतून जे चित्र उभे राहते, ते जन्मतः शांत असलेल्या संताचे नाही. न आवडणारे काम, न आवरणारे मन आणि न सुटणारे भय घेऊन जगलेल्या एका माणसाचे ते चित्र आहे. परिस्थिती बदलण्याची वाट न पाहता त्याच परिस्थितीत दिवसातून असंख्य वेळा ईश्वराकडे वळण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. प्रार्थना छोटी होती, पण ती अंगी बाणवायला दहा वर्षे लागली. ही दोन्ही विधाने एकत्र लक्षात ठेवली, तरच या चरित्राचे मर्म हाती लागते.

४.५ पारिभाषिक शब्द

सेवाबंधू : व्रते घेतलेला, परंतु धर्मगुरूपदाची दीक्षा नसलेला मठवासी.
अनवाणी कार्मेलाइट : सोळाव्या शतकात सुधारणा होऊन निर्माण झालेली कार्मेल संघाची शाखा. साधेपणाची खूण म्हणून या शाखेतील मठवासी बूट न घालता वहाणा वापरीत.
क्वाएटिझम : आत्म्याच्या पूर्ण निश्चलतेवर भर देणारे सतराव्या शतकातील धार्मिक मत.

४.६ स्वाध्याय

१. लॉरेन्स यांच्या अंतर्संघर्षाचे स्वरूप सांगून त्यातून ते कसे बाहेर पडले, ते स्पष्ट करा.
२. इजिप्तमधील तपस्व्यांची छोटी प्रार्थना आणि लॉरेन्स यांची प्रार्थना यांतील साम्य व भेद लिहा.
३. लॉरेन्स यांच्यावर निष्क्रियतेचा आरोप करता येईल का? त्यांच्या जीवनातील प्रसंगांच्या आधारे चर्चा करा.
४. तुमच्या परिसरातील अंगमेहनत करणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोलून, काम करताना तिच्या मनात कोणते विचार असतात, याविषयी २०० शब्दांत टिपण लिहा. त्या व्यक्तीचे नाव टिपणात देऊ नका.